देवाचा हिशेब आणि लोकांचा हिशेब

जत्रेच्या रात्री पालखी देवळात परतली की सभामंडपात पावणी सुरू होते. देवापुढे ठेवलेला केळ्यांचा घड, नारळांची जोडी, एखादा कोहळा असे जिन्नस एकामागून एक पुकारले जातात, आणि बाजारात ज्या घडाला दोनशे रुपये मोजताना माणूस घासाघीस करील तो घड दोन हजारांवर जातो. घेणारा कोणी धनिक असतोच असे नाही. कधी तो खाणीवर यंत्र चालविणारा असतो, कधी मासळीच्या गाडीवरचा चालक, कधी काजूच्या हंगामावर वर्ष काढणारा शेतकरी. तो घड खांद्यावर घेऊन घरी जातो तेव्हा त्याच्या मुद्रेवर काही गमावल्याची खूण नसते. मात्र हाच गृहस्थ महिन्याअखेर पाचशे रुपये मागे टाकू शकत नाही, हेही आम्हांस ठाऊक असते. पेडणे आणि डिचोली महालांतील वाचकांस ह्यात नवल वाटणार नाही. परंतु ह्या दोन गोष्टी एकाच माणसाच्या ठायी कशा नांदतात, ह्याचा विचार करावा असे बरेच दिवस आमच्या मनात होते.

ह्या प्रश्नाचे रूढ उत्तर असे की आपले लोक उधळे आहेत. चवथीला कर्ज काढतात, लग्नात मांडव घालून गावजेवण करतात, जत्रेत पावणी घेतात आणि मग पैसा उरत नाही म्हणून रडतात. हे उत्तर सोपे आहे आणि ते देणारास स्वतःविषयी बरे वाटते. आमचा अनुभव निराळा आहे. आमचा जन्म पेडणे महालातला. शिक्षकाची नोकरी बरीचशी डिचोली महालात झाली, आणि निवृत्तीनंतर गावच्या देवस्थानाच्या समितीवर दोन मुदती, म्हणजे सहा वर्षे, आम्ही खजिनदार होतो. पैसा देताना आणि न देताना माणसाच्या मनात काय चालते हे पाहण्याची संधी खजिनदाराला मिळते तितकी क्वचितच कोणाला मिळत असेल.

प्रथम आपल्या जुन्या बचतीविषयी थोडे सांगितले पाहिजे. आमच्या लहानपणी बचत हा शब्द घरात कोणी उच्चारीत नसे. शब्द होता तो पुरुमेंत. मे महिना सरत आला की मृगापूर्वी घर भरून घ्यावयाचे. कणगीत भात, मडक्यात सोलां आणि चिंच, आगरवाड्याच्या मिठागरातले मीठ, हरमलच्या मिरच्या, सुकी मासळी, माळ्यावर नारळ आणि अंगणाच्या कडेला रचलेली लाकडे. पावसाचे चार महिने ह्यावर निघत. ही बचतच होती. मात्र तिला निग्रहाची गरज नव्हती. पाऊस दारात उभा राहून ती करवून घेई, शेजारणीच्या कणगीकडे पाहून ती केली जाई, आणि एकदा कणगीत पडलेले भात सहजासहजी खर्चून टाकता येत नसे.

त्या काळाचे गोडवे गाण्याचा मात्र आमचा हेतू नाही. कुळाच्या कणगीत जाण्यापूर्वी भाटकाराचा वाटा निघे, आणि श्रावणात कणगीचा तळ दिसणारी घरे आमच्याच वाड्यावर होती. १९६४ चा कूळ कायदा आणि कसणाराला मालकी देणारी १९७६ ची दुरुस्ती आल्यावर ह्यात पुष्कळ फरक पडला. आमचे म्हणणे एवढेच की बचत करण्याची बुद्धी आपल्या लोकांत पूर्वीपासून आहे. तिला राहण्यास जागा कोणती द्यावी हा प्रश्न पुढे निर्माण झाला.

कारण कणगीतले भात जाऊन हातात नोटा आल्या, आणि नोटांचा अनुभव गोमंतकात काही चांगला नव्हता. १९५९ मध्ये पोर्तुगीज सरकारने रुपियाच्या जागी इश्कुद आणला. सहा इश्कुदांचा एक रुपिया. लोकांच्या जिभेवर तो बसतो न बसतो तोच १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि १९६२ मध्ये भारतीय रुपया चालू झाला. अवघ्या तीन-चार वर्षांत तीन चलने ह्या लोकांनी हाताळली. त्याहून मोठा घाव सोन्याचा. बांकु नासियोनाल उल्त्रामारिनु ह्या पोर्तुगीज बँकेत गोवेकरांनी गहाण ठेवलेले दागिने मुक्तीच्या तोंडावर लिस्बनला नेण्यात आले. ते भारतात परत येण्यास १९९१ साल उजाडले. तीस वर्षे! ज्या सुनेच्या पाटल्या गहाण पडल्या होत्या तिच्या मुलींची लग्ने होऊन नातवंडे शाळेत गेली तरी पाटल्या समुद्रापलीकडेच. ज्या प्रदेशातल्या आज्या ही गोष्ट नातवंडांना सांगतात, त्या प्रदेशात बँकेच्या पुस्तकापेक्षा हातातली पाटली खरी वाटली तर तो दोष अज्ञानाचा मानता येणार नाही.

हे जुने झाले म्हणावे, तर अलीकडच्या गोष्टीही आहेत. म्हापसा अर्बन सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने २०१५ च्या जुलैत निर्बंध घातले आणि एप्रिल २०२० मध्ये तिचा परवाना रद्द केला. मडगाव अर्बनचा परवाना २०२१ च्या जुलैत गेला. ठेवीदारांना विम्याचे संरक्षण असते हे खरे. १९६२ साली हा विमा सुरू झाला तेव्हा त्याची मर्यादा १,५०० रुपये होती. ४ फेब्रुवारी २०२० पासून ती एक लाखावरून पाच लाखांवर नेण्यात आली. परंतु एक गोष्ट आमच्या पुष्कळ वाचकांस ठाऊक नसावी म्हणून मुद्दाम सांगतो: हा विमा बँकांतील ठेवींना आहे, पतसंस्थांतील ठेवींना नाही. संस्थेच्या पाटीवर सहकारी हा शब्द असला म्हणून ती बँक होत नाही.

आमच्या नात्यातल्या एका वहिनींना हे फार महागात समजले. पती वारल्यावर शिवणकाम करून त्यांनी अकरा वर्षांत जे साठवले ते एका पतसंस्थेत ठेवले होते. मुदत संपली तेव्हा त्यांना पुढच्या महिन्यात यावयास सांगण्यात आले; आणि पुढचा महिना दोन वर्षे येत राहिला. अखेर पैसे हप्त्याहप्त्याने मिळाले, व्याज नावापुरते. वहिनींनी ते सारे सोनाराकडे नेले. आम्ही त्यांना टपाल खात्याच्या ठेवीविषयी समजावून सांगितले, तेव्हा त्या हात पुढे करून म्हणाल्या, "भावजी, पाटली हातांत आसा, ताका लागून न्हीद येता." त्यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. व्याजाचा दर झोपेत मोजता येत नाही.

आता डिचोली महालाकडे वळू. ज्या महालात आम्ही तीस वर्षे मुलांना अंकगणित शिकविले, त्या महालाच्या पोटात अंकगणिताला न पेलणारी संपत्ती होती. शिरगाव, मये, लामगाव, पाळी, वेळगे ह्या गावांची नावे खनिजाच्या कागदांवर जगभर फिरली. चीनची मागणी वाढली त्या काळात, म्हणजे २०१०–११ च्या सुमारास, गोव्यातून वर्षाला सुमारे पाच कोटी टन खनिज बाहेर जात होते. ऑगस्ट २००९ पर्यंत ह्या खनिजावर सरकारास टनामागे केवळ काही रुपये स्वामित्वधन मिळे. त्यानंतर ते किमतीच्या दहा टक्के झाले आणि २०१४ मध्ये पंधरा टक्के. मधल्या काळात जे गेले ते गेले. न्यायमूर्ती शहा आयोगाचा गोव्यावरील अहवाल सप्टेंबर २०१२ मध्ये संसदेपुढे आला. त्यात सरकारी तिजोरीच्या नुकसानीचा अंदाज ३४,९३५ कोटी रुपये होता. हा आकडा वादग्रस्त ठरला आणि तो कोणी कमी करो वा जास्त. परंतु आमच्या शाळेतल्या मुलांपैकी कोणाच्याही घरी त्यातला हिस्सा पोहोचला नव्हता एवढे आम्ही खात्रीने सांगू शकतो. घरी पोहोचली ती तांबडी धूळ. शिरगावी विहिरी आटल्या आणि शेतांत गाळ भरला. लईराईच्या गावाला टँकरचे पाणी आले.

असे असूनही त्या सुकाळात लोकांनी बचत केली नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांनी ट्रक घेतले. ज्याच्यापाशी दोन-तीन लाख होते त्याने ते भरून बाकीचे कर्ज काढले आणि टिपर दारात उभा केला. त्याच्या दृष्टीने ती गुंतवणूकच होती, आणि बँकेच्या अधिकाऱ्याच्या दृष्टीनेही. नाहीतर त्याने कर्ज दिले नसते. १० सप्टेंबर २०१२ रोजी राज्य सरकारने खाणी स्थगित केल्या, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली, आणि ट्रक जिथे उभा होता तिथेच राहिला. हप्ता मात्र दर महिन्याला चालतच राहिला. एप्रिल २०१४ च्या निकालाने मर्यादेत खाणकाम पुन्हा सुरू होण्याचा मार्ग खुला झाला. फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण रद्द होऊन मार्चात खाणी पुन्हा थांबल्या. डिसेंबर २०२२ मध्ये लिलाव होऊन डिचोलीचा पट्टा नव्या करारावर गेला. ह्या दहा वर्षांत ज्याने दोनदा संसार मोडून पुन्हा उभा केला त्याला बचतीचे महत्त्व सांगावयास आम्ही कोण? त्याचे पैसे त्याच्या चुकीने बुडाले नाहीत. कायदा पाळावयाचा ज्यांच्यावर भार होता त्यांनी तो पाळला नाही, आणि तो मोडल्याची किंमत ज्याने मोडला नव्हता त्याने भरली.

२०१४ च्या त्याच निकालात एक गोष्ट अशी आहे जी सुवर्णाक्षरांनी लिहावी. विकलेल्या खनिजाच्या किमतीच्या दहा टक्के रक्कम एका कायम निधीत बाजूला ठेवावी, म्हणजे पुढील पिढ्यांचा वाटा राखला जाईल, असे न्यायालयाने सांगितले. नॉर्वे देशाने आपल्या तेलाच्या पैशासाठी असा निधी १९९० मध्ये कायद्याने स्थापिला, आणि आज तो जगातल्या मोठ्या निधींपैकी एक आहे. आमच्या आज्या ह्यालाच पुरुमेंत म्हणत. भूमीतले खनिज हे एकदाच येणारे पीक. ते विकून आलेले सारे त्याच वर्षी खाऊन टाकणारे घर आणि तसे करणारे राज्य ह्यांत फरक तो काय? परंतु ह्या कायम निधीत किती जमा झाले, ते कोठे गुंतविले, ह्याची चौकशी आपल्या देवळांच्या ओट्यांवर कधी ऐकू येत नाही. देवाच्या समईतल्या तेलाची चौकशी मात्र नेमाने होते, आणि ती व्हावी हे योग्यच आहे.

पेडणे महालाची कथा निराळी वाटते, पण आतून तीच आहे. इथे खनिज नाही, जमीन आहे. मोपा, कासारवर्णे, चांदेल, वारखंड ह्या गावांची पठारे विमानतळासाठी गेली. ११ डिसेंबर २०२२ रोजी त्याचे उद्घाटन झाले आणि पुढल्या जानेवारीत विमाने उतरू लागली. त्याआधीपासूनच किनाऱ्यावर मोरजी, मांद्रे, हरमल येथे जमिनीचे भाव असे चढले की मास्तराच्या किंवा पंचायतीच्या कारकुनाच्या मुलाने आपल्याच गावात घरापुरती जागा घेण्याचे स्वप्न पाहू नये. बचत माणूस कशासाठी करतो? एखादी पोच दिसत असली तर करतो. हजार पावलांवर देऊळ दिसत असेल तर म्हातारासुद्धा चढण चढतो. पण चालता चालता देऊळच पुढे सरकू लागले तर तरुणही वाटेत बसेल. आमच्या एका माजी विद्यार्थ्याने दहा वर्षे पैसे साठवले आणि दहाव्या वर्षी त्याला दिसले की पहिल्या वर्षी ज्या जागेची त्याने चौकशी केली होती ती आता पूर्वीपेक्षा अधिक दूर गेली आहे. त्याने मोटारगाडी घेतली. लोक त्याला उधळा म्हणतात.

देशाचे आकडेही हीच गोष्ट सांगतात. कर्जे वजा जाता कुटुंबांची निव्वळ आर्थिक बचत २०२०–२१ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या साडेअकरा टक्क्यांच्या आसपास होती. २०२२–२३ मध्ये ती पाच टक्क्यांच्या आसपास आली. इतकी नीच पातळी कित्येक दशकांत दिसली नव्हती. दोन वर्षांत कोट्यवधी लोकांचा स्वभाव बदलला असे कोणी म्हणणार नाही. महामारीत खर्च थांबला होता म्हणून पहिला आकडा फुगला हे खरे; पण दुसरा आकडा कर्जाने खाली ओढला आहे.

आता ज्यांच्या हाती आपण लोकांचा हिशेब सोपवितो त्यांच्याकडे पाहू. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ व २००३ च्या निकालांमुळे प्रत्येक उमेदवाराला आपली मालमत्ता, सोने, कर्जे आणि फौजदारी खटले प्रतिज्ञापत्रावर सांगावे लागतात. फेब्रुवारी २०१८ च्या निकालानंतर उत्पन्नाचे मूळही सांगावे लागते. ही पत्रे कोणासही पाहता येतात. आम्ही ती कधीकधी वाचतो, आणि पाच वर्षांच्या अंतराने एकाच गृहस्थाची दोन पत्रे शेजारी ठेवली म्हणजे पुष्कळ शिकावयास मिळते. सगळ्यांचीच संपत्ती वाढते असे नाही, आणि वाढली म्हणजे ती पापाची असेही नाही. जमिनीचा भाव वाढला तर शेतकऱ्याचीही वाढते. परंतु शिक्षक चाळीस वर्षांच्या नोकरीत जे जमवितो तितके एका मुदतीत कोणाकडे जमले, तर तो ते कसे जमवितो हे विचारण्याचा हक्क शिक्षकास आहे.

जानेवारी २०२२ पासून गोव्यात विधानसभेच्या उमेदवाराला २८ लाख रुपये खर्च करण्याची मुभा आहे. हे गणित आम्ही आमच्या जुन्या सवयीने मांडून पाहिले. महिन्याला दोन हजार रुपये शिल्लक टाकणाऱ्या माणसाला २८ लाख जमविण्यास १,४०० महिने, म्हणजे ११६ वर्षे ८ महिने लागतील. दुसरीकडून पाहता, एका मतदारसंघात सुमारे २९ हजार मतदार धरले तर मतदारामागे शंभर रुपयेही होत नाहीत. शंभर रुपयांत निवडणूक होते यावर गावातले शेंबडे पोरही विश्वास ठेवणार नाही. शिवाय पक्षाच्या खर्चाला मर्यादाच नाही. आणि पक्षांस देणग्या देणाऱ्यांची नावे झाकणारी रोख्यांची योजना २०१८ पासून चालली, ती १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरविली. म्हणजे सामान्य माणसाला ज्या मैदानात पाऊल टाकण्यास ११६ वर्षे लागतील, त्या मैदानाचे खरे भाडे किती हे कोणी सांगत नाही.

पैशाइतकीच शब्दाचीही गोष्ट आहे. २०२२ च्या जानेवारीत काँग्रेसच्या उमेदवारांनी पणजीच्या महालक्ष्मीच्या देवळात, बांबोळीच्या क्रुसापाशी आणि बेतीच्या दर्ग्यात जाऊन शपथ घेतली की निवडून आल्यावर पक्ष सोडणार नाही. त्याच वर्षी १४ सप्टेंबरला त्यांच्या अकरा आमदारांपैकी आठ सत्तारूढ भारतीय जनता पक्षात गेले. पैशाचा व्यवहार झाला असे आम्ही म्हणत नाही, कारण पुरावा नसताना तसे म्हणणे योग्य नव्हे. आम्हांस बोचते ते निराळे. पक्षांतर पूर्वीही होत असे. पण देवीला साक्षी ठेवून दिलेला शब्द आठ महिन्यांत मोडला तेव्हा गावात कोणाला धक्का बसला नाही. पेडण्याच्या बाजारात एकाने आम्हांस हसत विचारले, "मास्तर, देवीन रजा दिली आसतली न्ही?" लोक हसले. ज्या समाजात देवळातील शपथ हा विनोदाचा विषय होतो, त्या समाजात ठेवपावती ही अक्षरे छापलेला कागद केवळ कागदच राहतो.

तक्रार नेण्यास जागा नाही असेही नाही. २०११ च्या कायद्याने गोव्याला लोकायुक्त मिळाला, आणि लोकप्रतिनिधींनी आपल्या मालमत्तेचे विवरण दरवर्षी त्यांच्याकडे द्यावे असे बंधन घातले. परंतु २०२० मध्ये निवृत्त होताना लोकायुक्त न्यायमूर्ती मिश्र यांनी आपल्या अहवालांवर सरकारने काहीच कृती केली नाही अशी खंत उघडपणे बोलून दाखविली. आणि पुढच्याच वर्षी त्या पदाचे अधिकार कमी करणारी दुरुस्ती विधानसभेत आली. कौटिल्याने अर्थशास्त्रात अधिकाऱ्यांनी पैसा खाण्याचे चाळीस प्रकार मोजले आहेत. मोजणाऱ्याचेच हात बांधावे हा एकेचाळिसावा प्रकार त्याला सुचला नसावा.

ह्या ठिकाणी कोणी म्हणेल, लोक काय कमी आहेत? मत मागावयास आलेल्याकडे क्रीडासंघ चेंडू मागतो, भजनी मंडळ पेटी मागते, आजाऱ्याचे नातलग औषधाचे पैसे मागतात, आणि देवस्थानची समिती सभामंडप मागते. हे अगदी खरे आहे. ज्याच्याकडे रोज शंभर हात पसरतात त्याने ते कोठून भरावेत, हा प्रश्न मागणारा कधी विचारीत नाही. त्याविषयी एक हकीकत सांगतो.

आम्ही समितीवर असताना देवळाच्या सभामंडपाचे छप्पर गळू लागले. निवडणूक पाच-सहा महिन्यांवर आलेली. एका इच्छुकाने निरोप पाठविला की संपूर्ण छपराचा खर्च आपण करू; एक संगमरवरी पाटी तेवढी लावावी. महाजनांची सभा बोलावली. १९३३ च्या देवस्थान कायद्याप्रमाणे आपल्या देवस्थानांना दरवर्षीचा अर्थसंकल्प आणि हिशेब मामलेदाराकडे, प्रशासक म्हणून, सादर करावा लागतो. आणि त्याआधी आमच्या गावी तो सभेत मोठ्याने वाचण्याची रीत आहे. त्या सभेत समईच्या तेलाला गेल्या वर्षीपेक्षा तीनशे रुपये अधिक का लागले, ह्यावर आम्ही अर्धा तास उत्तरे दिलेली आहेत. छपराची गोष्ट निघाली तेव्हा बहुतेकांनी आनंदाने माना डोलविल्या. तेवढ्यात मागे बसलेले एक वयोवृद्ध महाजन उठले आणि म्हणाले, "तेलाचे तीनशें विचारले, आतां हे आठ लाख कोणाले तें विचारात."

सभा दोन तास चालली. देव सर्वांचा, देणारा कोण हे देवाने पाहावे, असा एक पक्ष. देव पाहीलच, पण पावती आम्ही फाडावयाची आहे आणि तीवर नाव कोणाचे घालावे ते आम्हांस कळले पाहिजे, असा दुसरा. अखेर ठरले की कोणत्याही भक्ताकडून घेतो तसे घ्यावे: धनादेशाने, पावतीवर, देणाऱ्याच्या स्वतःच्या नावे, आणि ती रक्कम सभेत वाचली जाईल. पाटीचे मात्र निवडणुकीनंतर पाहू. हा निरोप आम्हीच नेला. त्या गृहस्थाने आदराने बसवून चहा दिला, आणि धनादेश कधी आला नाही. छप्पर तीन वर्षांनी पावणीच्या आणि वर्गणीच्या पैशातून झाले. मधले तीन पावसाळे ताडपत्री होती. एका श्रावणात कीर्तनाच्या वेळी मृदंग भिजला, आणि त्या रात्री पुष्कळांनी आम्हांस बोल लावले, अजूनही लावतात. गावातली काही घरे त्या सभेपासून समितीशी पूर्वीसारखी बोलत नाहीत. निर्णय फुकट पडत नाही हे आम्ही त्यातून पाहिले.

परंतु त्या तीन वर्षांत आणखीही काही पाहिले. पावणी वाढली. ज्या घरातून पूर्वी अकरा रुपये येत तिथून एकशे एक आले. जो टिपरवाला हप्त्याखाली दबला होता त्याने वाळूच्या दोन खेपा आपल्या गाडीने, भाडे न घेता, आणून टाकल्या. आम्ही त्याला म्हटले, तुझी ओढाताण आम्हांस ठाऊक आहे, हे राहू दे. तो म्हणाला की इथे दिलेले कुठे गेले ते भिंतीवर दिसते. आमच्या आरंभीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्या वाक्यात होते. त्याच्याजवळ शिल्लक नव्हती असे नाही. शिल्लक सोडून जावी अशी दुसरी जागा त्याला माहीत नव्हती. जिथे हिशेब वाचला जातो तिथे त्याचा हात सैल होतो. जिथे वाचला जात नाही तिथे तो मूठ मिटतो, किंवा आजचे आजच खाऊन मोकळा होतो.

दुसरे अर्धे उत्तर इतके सोपे नाही. पगार थोडा आहे, जमीन महाग आहे, हंगामी कामाला बारा महिने नाहीत. आणि ह्यावर कोणत्याही देवस्थानच्या समितीजवळ इलाज नाही. सरकारने गृहिणींसाठी २०१२ साली गृह आधार योजना काढली, तिचे पंधराशे रुपये पुष्कळ घरांत चुलीला उपयोगी पडतात, आणि त्यांना नाके मुरडणे भरल्या पोटाचे लक्षण आहे. मात्र त्या पंधराशांना उपकार म्हणून घेणे आणि आपल्याच खनिजाचा, आपल्याच कराचा अंश म्हणून घेणे ह्यांत अंतर आहे. पहिल्याने मान खाली जाते. दुसऱ्याने माणूस पुढचा आकडा विचारतो.

म्हणून आम्ही एक सूचना करतो. आपल्या महालांतील प्रत्येक देवस्थानात वर्षातून एकदा हिशेब वाचला जातो; ज्या गावी ती रीत मागे पडली असेल तिथे ती पुन्हा सुरू करावी. निवडणूक आली म्हणजे देवळात नव्हे, देवळाबाहेर चव्हाट्यावर किंवा शाळेच्या ओसरीवर, सर्व उमेदवारांची प्रतिज्ञापत्रे त्याच पद्धतीने वाचावीत: आरंभीची शिल्लक, जमा, खर्च, अखेरची शिल्लक. टीका नको, घोषणा नको, अमक्याला मत द्या असा शब्द नको. आपल्याकडचा साधा माणूस जमाखर्च ऐकून काय समजावयाचे ते समजतो. शाळेत तो आमच्याकडे ते शिकला आहे. त्याच बैठकीत खनिजाच्या कायम निधीचा आकडाही कोणीतरी मागवून आणावा आणि वाचावा. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ पासून आहे, आणि अर्जाचे शुल्क केळ्याच्या एका फण्याहून कमी आहे.

पुरुमेंतासाठी घर भरताना आमची आजी प्रत्येक मडके उघडून स्वतः आत हात घालून पाही. सून विश्वासू होती, तरीही पाही. त्याचा राग सुनेस कधी आला नाही, कारण पुढे तीही तसेच करणार होती.